पेटीची किल्ली गावाकडे हवी

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. पुदुच्चेरीजवळचं नल्लवाडु हे मच्छीमारांचं गाव. गावातला एक जण कामासाठी सिंगापूरला होता. त्याने भूकंपाच्या आणि लाटांच्या बातम्या पाहिल्या आणि घरी फोन लावून सांगितलं, गाव रिकामं करा. लोक धावले ते गावातल्या माहिती केंद्राकडे. दाराला कुलूप होतं. ते त्यांनी तोडलं, आतला ध्वनिक्षेपक चालू केला आणि सगळ्या गावाला हाका मारल्या. त्सुनामीने घरं पाडली, होड्या फोडल्या. पण साडेतीन हजारांवर वस्तीच्या त्या गावातला एकही जीव गेला नाही.

हे केंद्र कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानने उभं केलेल्या केंद्रांपैकी एक. १९९८ पासून पुदुच्चेरीच्या आसपासच्या खेड्यांत हा प्रयोग सुरू होता. किनाऱ्यावरच्या केंद्रांत रोज एक ठरलेलं काम चाले. अमेरिकेच्या नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घ्यायचा आणि तो तमिळमध्ये भोंग्यावरून सांगायचा. ज्याला वाचता येत नाही, ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, त्यालाही होडी पाण्यात लोटण्याआधी समुद्र आज कसा आहे ते कळत असे. म्हणजे इंटरनेट गावापर्यंत तारेने आणि लहरींनी आलं, आणि शेवटची शंभर पावलं भोंग्याने चाललं.

या सगळ्यात मला ते कुलूप तोडणं फार मोलाचं वाटतं. आत काय आहे, ते कसं चालू करायचं आणि त्याचा आवाज कुठवर पोचतो, हे लोकांना ठाऊक होतं. ‘ही दुसऱ्याची मालमत्ता आहे, हात लावला तर आपल्यावर येईल’ असा विचार करत कोणी दारात उभं राहिलं नाही. ते केंद्र गावाचं होतं, म्हणून कुलूपही गावाने तोडलं. त्याच कुलपाच्या जागी एखाद्या इंटरनेट योजनेची लोखंडी पेटी आणून पाहा. आत दिवे लुकलुकताहेत, बाहेर फलक आहे, किल्ली जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याशा कंत्राटदाराच्या माणसाकडे, आणि त्या माणसाचा नंबर गावात कोणाकडेच नाही. अशा पेटीचं कुलूप संकटातही कोणी तोडणार नाही. मुळात आत काय आहे हेच कोणाला माहीत नसतं.

खेड्यात इंटरनेट नेण्याची चर्चा निघाली की बोलणं सुरू होतं केबलपासून आणि संपतं टॉवरपाशी. किती किलोमीटर तार टाकली, किती गावं ‘जोडली’, हे आकडे मोजायला सोपे, छापायला त्याहून सोपे. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ साठी दिलेला हिशोब पाहा. जगात २६० कोटी माणसं इंटरनेटबाहेर. शहरांत ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, खेड्यांत ४८ टक्के. हे ऐकून वाटतं की अजून टॉवर पोचले नसतील. पण मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा त्याच वर्षीचा अहवाल ही समजूत मोडून काढतो. ज्यांच्या डोक्यावर मोबाइल इंटरनेटचा सिग्नलच नाही अशी माणसं साधारण ३५ कोटी, म्हणजे जगाच्या ४ टक्के. आणि सिग्नल आहे पण मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत अशी ३१० कोटी (ही मोजणी फक्त मोबाइल इंटरनेटची, म्हणून आकडा आधीच्या २६० कोटींहून मोठा). दर दहा माणसांत जवळजवळ चार. यात फोन न परवडणारे आहेत, वाचता न येणारे आहेत, घरातला एकच फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असल्याने त्याला हात न लागणाऱ्या बायका आहेत, आणि ‘यात माझ्या कामाचं काय आहे?’ असं विचारून पुढे जाणारे शहाणे लोकही आहेत. त्या शेवटच्या माणसाचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचं उत्तर योजना आखणाऱ्याने द्यायला हवं होतं, आणि ते देण्यासाठी आधी त्या माणसापाशी जाऊन बसायला हवं होतं.

आता कोणी म्हणेल, स्थानिकांना विचारतात की! प्रत्येक योजनेच्या कागदात लोकसहभागाचं प्रकरण असतं. असतं खरं. मी अशा सभांना बसले आहे. पुढे टेबल, टेबलावर फुलं, मागे पडद्यावर नकाशा. बाहेरून आलेले साहेब तासभर बोलतात, गावकरी ऐकतात, मग एक वही फिरते आणि सगळे तीत नावापुढे सही किंवा अंगठा करतात. ती वही म्हणजे सहभागाचा पुरावा. पण त्या दिवशी ठरवायला काही शिल्लक राहिलेलं असतं का? टॉवर कुठे, यंत्र कोणतं, कंत्राट कोणाला, पैसे कसे घ्यायचे, सगळं आधीच ठरून निविदा निघालेली असते. गावाने ‘नको’ म्हटलं, ‘इथे नको, तिथे लावा’ म्हटलं, ‘आधी शाळेऐवजी दवाखाना जोडा’ म्हटलं, तर एक ओळ तरी बदलेल का? बदलणार नसेल तर त्या बैठकीला विचारणं म्हणता येत नाही, ते कळवणं झालं.

आपल्या सरकारी मराठीत यासाठी दोन शब्द रुळले आहेत. गरिबाला म्हणायचं ‘लाभार्थी’, आणि ज्याचा काही संबंध आहे त्या प्रत्येकाला म्हणायचं ‘हितधारक’. लाभार्थी म्हणजे हात पसरून उभा असलेला. हितधारक हा शब्द तर इतका गुळगुळीत आहे की त्यात कंपनीही बसते, मंत्रालयही बसतं आणि डोंगरावरची म्हातारीही बसते, जणू तिघांचं वजन सारखंच. मला आपला जुना ‘वाटेकरी’ शब्द जास्त खरा वाटतो. शेतात, विहिरीत, बैलजोडीत वाटेकरी असतो. त्याचा खर्चात वाटा असतो, पिकात वाटा असतो, नुकसानीतही असतो, म्हणूनच पेरणीआधी त्याला विचारावं लागतं. इंटरनेटच्या बाबतीत गाव वाटेकरी झालं की काय होतं, याचे दाखले जगभर आहेत.

नेपाळमधल्या म्याग्दी जिल्ह्यातलं नांगी हे डोंगरातलं खेडं. महाबीर पुन तिथलेच. अमेरिकेत नेब्रास्कात शिकून ते गावी परतले, शाळेत शिकवू लागले. गावाला फोनसुद्धा नव्हता. देशात माओवाद्यांशी लढाई चालू होती आणि बिनतारी यंत्रं आणायला बंदी होती. तरी देणग्यांतून मिळालेली यंत्रं परदेशी स्वयंसेवकांच्या सामानातून येत गेली. टीव्हीच्या डिश अँटेना झाडांवर चढवल्या गेल्या, डोंगरमाथ्यावर एक ठाणं झालं, आणि २००३ पर्यंत नांगी पोखरा शहरामार्गे इंटरनेटला जोडलं गेलं. पुढे शेजारची गावं जोडली, शहरातल्या डॉक्टरांशी डोंगरातून बोलणं होऊ लागलं. २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण एकट्या जिद्दी माणसाची गोष्ट म्हणून हे वाचतो, आणि ते कौतुक योग्यच आहे. पण डोंगरमाथ्यावर सामान पाठीवरून कोणी नेलं? वादळाने तोंड फिरलेली डिश सरळ करायला कोण चढलं? शहरातला तंत्रज्ञ दोन दिवसांची वाट चालून येईपर्यंत थांबायचं असतं, तर ते जाळं पहिल्या पावसाळ्यातच बंद पडलं असतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतातलं मान्कोसी हे आणखी एक उदाहरण, आणि मला ते सगळ्यांत शिकवणारं वाटतं. केप टाउनजवळच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या लोकांबरोबर फोनवर बोलण्यासाठी एक बिनतारी जाळं उभारलं. नाव झेन्झेलेनी. खोसा भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘तुमचं तुम्हीच करा’. कोणत्या घरांवर यंत्रं बसवायची, हे तिथल्या पारंपरिक प्रमुखांनी आणि लोकांनी बसून ठरवलं. बहुतेक घरांत वीज नव्हती, म्हणून यंत्रांसाठी सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या बसवल्या. आता गंमत पाहा. जाळ्याची पहिली कमाई बोलण्यातून झाली नाही, मोबाइल चार्ज करून देण्यातून झाली. लोकांना त्या घडीला सगळ्यात जास्त नड होती ती चार्जिंगची. एरवी त्यासाठी दूर जावं लागे, जास्त पैसे मोजावे लागत. यंत्रासाठी आणलेल्या विजेतली उरलेली वीज शेजाऱ्याच्या फोनला मिळू लागली आणि गल्ला जमू लागला. २०१४ मध्ये त्यांनी रीतसर सहकारी संस्था नोंदवली. विद्यापीठात बसून लिहिलेल्या आराखड्यात ‘उत्पन्नाचा मुख्य स्रोत: फोन चार्जिंग’ असं कोणी लिहिलं असतं का? ते गावात राहूनच सुचतं.

गावाची नड नेमकी काय हे न ओळखल्याने काय होतं, याचा धडा आपल्या महाराष्ट्रातही आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत, साखर कारखान्याच्या सहकारी जाळ्याच्या आधाराने संगणक केंद्रं सुरू झाली. त्या काळात देशभर त्याचा बोलबाला झाला. हेतू मोठे होते: शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी कागदपत्रं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं, तर संगणकांचा वापर मुख्यतः उसाच्या हिशोबापुरता उरला होता: नोंद, तोडणी, वजन, खत, बिल. एवढं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर भागतं हे त्यांनी काही गावांत करून दाखवलं. कमी खर्चात, आणि विजेच्या जाण्यायेण्याची फिकीर न करता. मी याला अपयश म्हणत नाही. शेतकऱ्याने आपल्या कामाचं तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं, यात त्याची चूक नाही. पण पहिल्याच वर्षी त्याच्या शेजारी बसून ‘कारखान्याच्या दारात तुमचा वेळ कशात जातो?’ एवढं विचारलं असतं, तरी महागड्या यंत्रांचा बराच खर्च वाचला असता. आणि एक गोष्ट विसरू नये. उसाच्या हिशोबाचा भाग टिकला, कारण तिथे सहकारी संस्था होती, सभासद होते, आणि हिशोब चुकला तर जाब विचारायला माणसं होती.

जमिनीचंही तसंच. तार जमिनीतून जाते आणि जमीन कोणाची तरी असते. परवानग्यांत, नुकसानभरपाईच्या वादांत, कोर्टकचेऱ्यांत योजना वर्षानुवर्षं अडकतात. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या ग्रामीण भागात २०११ मध्ये लोकांनी बी-फोर-आर-एन नावाची समाजाच्या मालकीची संस्था काढली, कारण मोठ्या कंपन्यांना विखुरलेल्या शेतघरांत रस नव्हता. शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून तार फुकट जाऊ दिली. बऱ्याच ठिकाणी चर त्यांनी स्वतःच खणले. पैसे लोकांनी भाग विकत घेऊन उभे केले, आणि केलेल्या श्रमांच्या बदल्यातही भाग मिळत. शहरालाही हेवा वाटावा असा एक गिगाबिटचा वेग त्या शेतघरांत पोचला. एखाद्या कंपनीला जी परवानगी वकील लावून मिळाली नसती, ती शेजाऱ्याला फाटकापाशी उभ्याउभ्या मिळाली. तो शेजारी स्वतः त्या तारेचा मालक होता, हेच त्यामागचं कारण.

आणि तार टाकून झाल्यावर तिची राखण कोण करतं? जमिनीतली तार बहुतेक वेळा तुटते ती रस्तारुंदीकरणात, पाइपलाइनच्या खोदाईत, जेसीबीच्या एका घावात. उद्या कुठे खोदाई आहे हे राजधानीतल्या नियंत्रण कक्षाला कळत नाही. पारावर बसलेल्या माणसाला कळतं. त्याला त्या तारेचं काही देणंघेणं असेल तर तो जेसीबीवाल्याला थांबवेल. नसेल तर तंबाखू मळत बघत बसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दुरुस्तीचा अनुभवही हेच सांगतो. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली नेत्रतपासणी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. गावातला रुग्ण पडद्यासमोर बसतो, शहरातला डॉक्टर त्याला तपासतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी यंत्रणा उभारली तेव्हा त्यांचं लक्ष अर्थातच लहरींवर होतं. प्रत्यक्षात यंत्रं जळत होती विजेच्या झटक्यांनी. व्होल्टेज मध्येच उसळायचं, मध्येच बसायचं. आणि बिघाड दुव्यात आहे की विजेत, हे जागेवरच्या माणसाला ओळखता येत नसेल, तर दरवेळी बाहेरून कोणी येईपर्यंत केंद्र बंद. उपाय दोन्ही अंगांनी करावा लागला: विजेची यंत्रणा सुधारली आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांना दुरुस्ती शिकवली. असं शिकवणं कोणत्याही अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापलं जातं, हे मला नेहमी खटकतं. यंत्राला पैसे असतात, ते सांभाळणाऱ्याच्या पगाराला नसतात.

इथवर मी ‘गाव, गाव’ म्हणत आले. पण गाव म्हणजे एक माणूस नाही. लोकसहभागावरचा सगळ्यात खरा आक्षेप इथेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ‘स्थानिकांना विचारा’ म्हटलं की विचारलं जातं कोणाला? ज्याचा वाडा मोठा, ज्याचा आवाज मोठा, ज्याच्याकडे पाहुण्यांचा चहा होतो त्याला. मग अँटेना त्याच्या गच्चीवर लागते, पासवर्ड त्याच्या पोराकडे राहतो, आणि गावकुसाबाहेरच्या मुलीला अर्ज भरायचा तर त्याच्या ओसरीवर जाऊन उभं राहावं लागतं. ती जात नाही. योजनेच्या कागदात मात्र गाव जोडलं गेलेलं असतं.

म्हणून पुदुच्चेरीच्या केंद्रांची अट मला फार महत्त्वाची वाटते. जागा गावाने द्यायची, पण ती अशी हवी की दलितांसह सगळ्यांना तिथे येता-जाता आलं पाहिजे. केंद्रं चालवायला गावातल्याच स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे आल्या. ही अट तांत्रिक नाही, पण यंत्राच्या निवडीपेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असतं. बाई चालवत असलेल्या केंद्रात बाई बिनघोर येते. तिथे तिला विचारता येतं, चुकता येतं, पुन्हा विचारता येतं. बाहेरून येणाऱ्या संस्थेचं खरं काम मला हेच वाटतं. निर्णय गावाने घ्यावा, आणि त्या निर्णयात गावातला दुबळा माणूस आहे की नाही, एवढं बाहेरच्याने हट्टाने पाहावं. त्यासाठी एकच मोठी सभा पुरत नाही. बायकांशी वेगळं बसावं लागतं, वस्तीवर वेगळं जावं लागतं, मजुरी सुटण्याच्या वेळेनंतर जावं लागतं. सकाळी अकराच्या सभेला मजूर येत नाही. तो रानात असतो.

आणखी एक माणूस आहे ज्याला कोणीच विचारत नाही: ज्याचं यात नुकसान होणार आहे तो. अर्ज लिहून देणारा, दाखल्यासाठी तालुक्याला खेपा घालून देणारा, छोटा केबलवाला, रिचार्ज मारून देणारा दुकानदार. योजनावाले त्यांना अडथळा समजतात, दलाल म्हणून हेटाळतात. पण गावात तार खांबावरून कशी न्यायची, कोण पैसे बुडवतो, कोणाच्या घरी कधी माणसं असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? नव्या सेवेत त्यांना काम मिळालं तर त्याच तारेचे ते राखणदार होतात. उपाशी राहिले तर ती तार रात्रीतून कशी तुटली, हे कोणाला कळणारही नाही.

यावर स्पेनमधल्या कतालोनियातल्या ग्विफी-नेट या लोकांनीच उभारलेल्या जाळ्याने काढलेली तोड मला फार आवडते. २००४ च्या सुमाराला ओसोना भागातल्या रामोन रोका यांना आपल्या ग्रामीण घरी धड इंटरनेट मिळेना, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने वायफायचे दुवे जोडायला सुरुवात केली. आज त्या जाळ्यात तीस हजारांहून जास्त जोडण्या आहेत. नियम साधा: जो जाळ्यात येईल त्याने दुसऱ्याची माहिती आपल्या दुव्यातून जाऊ द्यायची. पण भाबडेपणा नाही. जाळ्यावर सेवा विकून कमावणाऱ्या छोट्या कंपन्यांना तिथे मज्जाव नाही. उलट कोणी किती गुंतवलं आणि कोणी किती वापरलं याचा ठराविक मुदतीने हिशोब होतो, आणि जास्त वापरणारा जास्त गुंतवणाऱ्याला भरपाई देतो. धंदा करणारा आणि फुकट राबणारा एकाच विहिरीवर पाणी भरतात, आणि गाळ काढायचा खर्च हिशोबाने वाटला जातो. निव्वळ स्वयंसेवेवर उभं राहिलेलं काम चार वर्षांत थकतं, आणि ते आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

‘हे सगळं फार वेळखाऊ आहे,’ असं म्हणणारे लोक चुकीचं बोलत नाहीत. वेळ लागतोच. पण तो वेळ आधी घालवला नाही तर नंतर घालवावा लागतो, आणि तोपर्यंत यंत्रं जुनी झालेली असतात. भारतनेटचंच पाहा. अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. ठरवलेल्या मुदती उलटत गेल्या, आणि २०२३ च्या सुधारित योजनेत घरोघरी जोडणी देण्यासाठी गावातल्याच उद्योजकांना भागीदार करायचं ठरलं. बारा वर्षांनी का होईना, योजना शेवटी गावातल्या माणसापाशी येऊन पोचली.

‘आता उपग्रह आले, गावाला विचारायची गरजच काय?’ हाही प्रश्न कानावर येतो. आकाशातून थेट इंटरनेट हे स्वप्न नवं नाही. गुगलच्या घराण्यातल्या लून प्रकल्पाने २०१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये आकाशातून इंटरनेट देणारे फुगे सोडले, २०२० मध्ये केनियात सेवा सुरू केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रकल्प बंद झाला. व्यवहाराचं गणित जमलं नाही. उपग्रहांचं जमेलही, आणि दुर्गम वस्तीला त्यांचा मोठा आधार होईल, याबद्दल मला शंका नाही. पण उपग्रह सिग्नल आणतो, तो घराघरांत वाटत नाही. महिन्याचं बिल एका घराला झेपणार नसेल तर ते दहा घरांत कसं विभागायचं, डिश कोणाच्या छतावर, कोणाच्या भाषेत काय पाहायला मिळणार, हे प्रश्न जमिनीवरचेच आहेत.

‘बाजाराला हे जमेल’ म्हणणाऱ्यांनी विजेचा इतिहास आठवावा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या शेतघरांपैकी दहातलं जेमतेम एक विजेने जोडलेलं होतं. वीज कंपन्यांचं म्हणणं होतं की खेड्यात परवडत नाही. सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी कर्जं दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि खांब स्वतः उभे केले. त्यातल्या कितीतरी संस्था आज त्याच खांबांवरून आपल्या सभासदांना फायबर देताहेत. एकदा उभी राहिलेली संस्था ऐंशी वर्षांनीही नव्या कामाला येते. यंत्राचं आयुष्य तेवढं नसतं.

सरकार हाही या व्यवहारात वाटेकरी आहे, आणि त्याचा वाटा पैशापेक्षा परवानगीचा आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात तालेआ दे कास्त्रो हे डोंगरातलं झापोटेक आदिवासींचं गाव. लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावासाठी टॉवर लावायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. २०१३ मध्ये गावाने सभा घेऊन, रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने स्वतःचं मोबाइल जाळं उभारलं. एकाच वेळी होणारी बोलणी मर्यादित, म्हणून प्रत्येक फोनला पाच मिनिटांची मर्यादा, हेही लोकांनीच ठरवलं. आसपासच्या गावांनी कित्ता गिरवला, आणि २०१६ मध्ये मेक्सिकोच्या दूरसंचार नियामकाने अशा गावांच्या संघटनेला आदिवासींच्या सामाजिक वापरासाठीचा परवाना दिला. लहरी या काही फक्त लिलावात बोली लावणाऱ्यांच्या नाहीत, हे एका देशाच्या कायद्याने मान्य केलं. दक्षिण आफ्रिकेत मान्कोसीलाही परवान्यातून सूट मिळाल्यावरच रीतसर काम करता आलं. हा दरवाजा सरकारनेच उघडायचा असतो. तो बंद ठेवून सहभागाची भाषणं करण्यात अर्थ नाही.

तालेआची पुढची गोष्टही सांगायला हवी. काही वर्षांनी त्या गावात मोठ्या कंपनीची सेवा आली आणि लोक तिकडे वळले. गावाचं जाळं त्या स्पर्धेत टिकलं नाही. मला याचं वाईट वाटतं, पण त्यावरून तो प्रयत्न वाया गेला असं मी म्हणणार नाही. ज्या गावाला ग्राहक मानायलाच कोणी तयार नव्हतं, त्या गावाने आधी स्वतःचा आवाज स्वतः पोचवून दाखवला, आणि शेजारच्या गावांना वाट दाखवली.

तेव्हा माझी मागणी सभांची संख्या वाढवण्याची नाही. मागणी निविदेच्या कागदापाशी सुरू होते. जागा, दर आणि आधी कोणाला जोडायचं हे गावाने ठरवेपर्यंत निविदा निघू नये. गावातल्या किमान दोघांना, त्यात एक स्त्री, दुरुस्तीचं शिक्षण आणि त्या कामाचे पैसे, हे यंत्राच्या किमतीतच धरलेले असावेत. वर्षभर सेवा चालली असं गावाने लिहून दिल्याशिवाय कंत्राटाचा शेवटचा हप्ता सुटू नये. जमा-खर्च सगळ्यांना वाचता येईल अशा जागी, सगळ्यांच्या भाषेत लावलेला असावा. आणि पेटी बसवून कंत्राटदाराची गाडी परत निघेल, तेव्हा किल्लीची एक जोडी गावात राहिलेली असावी. ती कोणाच्या घरी ठेवायची, आणि ते घर मध्यरात्रीही कोणाला दार उघडेल का, हे गावाने आधीच्या सभेत बोलून ठरवलेलं असावं.